काळ्या मातीत घट्ट बसलेल्या सळया हातानेच उपसायच्या आहेत: कोणतं हत्यार, कोणती पद्धत?

काटोलरोड_नर्सरी

नमस्कार मंडळी. नागपूरच्या काटोल रोडकडच्या नर्सरीतलं जुनं शेडनेट उतरवलं आहे. सांगाडा निघाला, पण ताणाच्या तारा ज्यांना बांधल्या होत्या त्या सळया जमिनीतच राहिल्या. एकूण २६ नग, २० मिमीची टीएमटी, प्रत्येकी ४ फूट. त्यातली ३ फूट आत, फूटभर वर. दोन पावसाळे त्यांच्यावरून गेले आहेत. सगळ्या तिरप्या ठोकलेल्या, डोकं शेडपासून बाहेरच्या बाजूला, जमिनीशी साधारण ६० अंशांत.

जमीन वर अडीच-तीन फूट काळी, खाली पिवळसर मुरूम. सध्या माती वाळलेली, भेगा पडलेल्या.

मोटरघराजवळ अर्थिंगच्याही ३ सळया आहेत: तांबं चढवलेल्या, १७.२ मिमी जाडीच्या, ३ मीटर लांब, उभ्या. मोटरघर दुसरीकडे न्यायचं आहे म्हणून त्याही काढायच्या आहेत.

जेसीबी आत येत नाही. वाट ४ फुटांची आणि ठिबकची मुख्य नळी दीड फुटावर पुरलेली. सळईमागे एक खड्डा खोदायचा तर अर्धी जागा उकरली जाईल, तेही नको.

आतापर्यंतचे प्रयत्न: ५ फुटी सब्बल, विटांचा टेकू, सळईला ८ मिमीच्या साखळीचा एक वेढा. साखळी वर घसरते. घसरली नाही तर वीट मातीत बसते. या खटाटोपात ३ सळया मानेत वाकल्या आणि एक जेमतेम इंचभर वर आली. २४ इंची पाईप पाना आहे, चार इंची ग्राइंडर आहे, वेल्डिंगची सोय जवळ आहे. खर्च चार-पाच हजारांच्या आत बसावा.

हत्यार बनवून घ्यायचं तर कसं, मापं काय, आणि पाऊस पडेपर्यंत थांबणं शहाणपणाचं आहे का?

हिंगणा_फिटर

पाना तुमच्याकडे आहे म्हणजे अर्धं काम झालं. सुरुवात ओढण्यापासून झाली, ती फिरवण्यापासून करा. का, ते आकड्यांत सांगतो.

सळईला माती धरते ती तिच्या अंगाला. टीएमटीच्या कडा धरून बाहेरचा व्यास २२ मिमीच्या आसपास येतो, आत ९० सेंमी, म्हणजे मातीला टेकलेलं अंग ०.०६ चौ. मीटर. घट्ट चिकणमातीची पकड चौरस मीटरला ५ टन धरली तर सरळ वर ओढायला ३०० किलो लागतील. वाळून दगड झालेल्या मातीत ती १० टनही भरते, मग ६०० किलो. आता हीच पकड फिरवून सोडवायची म्हटलं तर जोर लागतो फक्त त्रिज्येवर, ११ मिमीवर. ६०० किलो गुणिले ०.०११ मीटर म्हणजे ६.६ किलोग्रॅम-मीटर. पान्याचा दांडा अर्धा मीटर हातात येतो, तर हाताला लागणारा जोर १३-१४ किलो. ज्या पकडीसाठी तुम्ही ६०० किलोंशी झुंजता आहात ती पान्यावर १४ किलोंनी सुटते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. घर्षण नेहमी हालचालीच्या उलट दिशेने लागतं. सळई फिरत असताना वर ओढली तर घर्षणाचा बहुतेक भाग फिरण्याला अडवण्यात खर्च होतो, वर जाण्याला विरोध फार थोडा उरतो. म्हणून एकाने पाना फिरवायचा, दुसऱ्याने त्याच वेळी वर ओढायचं. आधी फिरवून सोडलं, मग पाना बाजूला ठेवून ओढलं, तर फायदा अर्धाच मिळतो.

टीएमटीच्या तिरप्या कडांना स्क्रूचे आटे समजून "उलट फिरवली की आपोआप वर येईल" असं काही जण सांगतात. तसं होत नाही, त्या कडा सलग आटे नसतात. फिरवताना कडांच्या मधली माती सळईबरोबरच फिरते आणि कडांच्या टोकाशी मातीत गुळगुळीत नळी कापली जाते. पहिला फेरा जड जातो, दुसरा हलका, पाचव्यानंतर हाताला फरक स्पष्ट कळतो. चिकणमाती एकदा अशी घासून चिकटपणा सोडून बसली की लगेच पूर्वीसारखी धरत नाही. मात्र काही आठवडे तशीच ठेवली तर पुन्हा बसते. म्हणून २६ च्या २६ एका दिवशी फिरवून ठेवून पुढच्या महिन्यात उपसायला येऊ नका. जी फिरवली ती त्याच दिवशी बाहेर.

पूर्ण फिरली की नाही हे ओळखायचं कसं? २० मिमीच्या ३ फुटी सळईला या जोरात पीळ बसतो जेमतेम ३-४ अंश. डोकं पाव फेरा फिरून तिथेच थांबलं तर खालचं टोकही फिरलंच आहे. अर्थिंगच्या ३ मीटर सळईचं तसं नाही. तिचं डोकं १५-२० अंश फिरून हात सोडल्यावर परत येऊ शकतं. तो नुसता पीळ आहे, तळ सुटलेला नाही.

आता ओढण्याचं हत्यार. साखळीचा एक वेढा घसरणारच. तिरप्या पट्टीची पकड करा. यात ना स्प्रिंग, ना आटे. एक जाड पट्टी, तिला सळईपेक्षा थोडं मोठं भोक, आणि भोकापासून बाजूला उचलण्याची जागा. एका बाजूने उचललं की पट्टी तिरपी होते, भोकाची वरची कड एका अंगाने आणि खालची कड दुसऱ्या अंगाने सळईत रुतते. जितकं जास्त ओढाल तितकी घट्ट धरते. सोडलं की पट्टी सपाट होऊन स्वतःहून खाली सरकते.

भोकाच्या मध्यापासून उचलण्याची जागा किती दूर असावी यावर सगळं अवलंबून आहे. जवळ असेल तर पट्टी घसरते. हिशेब सोपा: पट्टीची जाडी भागिले घर्षणांकाची दुप्पट. लोखंडावर लोखंड कोरडं असेल तर घर्षणांक ०.२ धरा. १२ मिमी पट्टीला १२ भागिले ०.४, म्हणजे किमान ३० मिमी. सळईला चिखल किंवा ऑइल असेल तर घर्षणांक ०.१ वर येतो आणि किमान अंतर ६० मिमी होतं. तुम्ही ६५ मिमी ठेवा आणि सळईचा वरचा फूटभर भाग तारेच्या ब्रशने घासून पुसून घ्या. अंतर १०० च्या वर नेऊ नका. पकड वाढते, पण सळईला बाजूचा वाकही तेवढाच बसतो.

पट्टी ६५ मिमी रुंद, १२ जाड, २०० लांब. भोक टीएमटीसाठी २५ मिमी, अर्थिंगच्या १७.२ मिमीसाठी दुसऱ्या पट्टीत २० मिमी. एकच मोठं भोक दोन्हींना वापरू नका. भोक सैल झालं की पट्टी फार तिरपी होते, उचलण्याचं टोक सळईजवळ येतं आणि पकड सुटते. साध्या एमएस (मऊ पोलादी) पट्टीची भोकाची कड १०-१२ सळयांनंतर गोल होते, मग ती उलटी करून वापरायची. २६ नगांना दोन पट्ट्या पुरतील. ट्रकच्या कमानपट्टीचा तुकडा जास्त टिकतो, पण तो आधी लाल करून राखेत हळू थंड करावा लागतो, नाहीतर ड्रिल जळतं. एवढ्या कामासाठी त्या भानगडीत पडू नका. इतवारीतल्या लोहा ओळीत पट्टी कापून मिळते, भोक तिथल्याच एखाद्या ड्रिलवाल्याकडून पाडून घ्या. गॅस कटरने भोक पाडू नका, कड धारदार येत नाही आणि पट्टी धरत नाही.

उचलायला तरफ. बैठक ३०० × ३०० × ८ मिमी पत्रा, समोरच्या कडेतून मध्यापर्यंत ४० मिमी रुंद खाच, म्हणजे बैठक सळईला बाजूने घालता येते. खाचेच्या मागे ५० × १० च्या दोन उभ्या पट्ट्या, २५० उंच, त्यांना वरच्या टोकाशी २० मिमीची आरपार पिन. दांडा ४० मिमी बोअरचा जीआय पाईप, मध्यम जाडीचा, १.५ मीटर. पिनपासून पुढे १०० मिमीवर दुसरी पिन आणि तिच्यावर डी-शॅकलने (पिनच्या D आकाराच्या कडीने) १० मिमी साखळीचे दोन-तीन दुवे, त्यांना तिरपी पट्टी लोंबती. मागे १४०० राहतात, म्हणजे १४ पट. दांड्यावर ४५ किलो दिले की सळईवर ६३० किलो. एका दाबात सळई ५० मिमी वर येते. मग दांडा उचला, पट्टी खाली येऊ द्या, पुन्हा दाबा.

एक इंची सब्बल या हिशेबात वाकते. तिच्या टोकावर ६० किलोंचा माणूस लोंबकळला तर साध्या लोखंडाला झेपेल त्याच्या दुप्पट ताण येतो. पाईप पोकळ असला तरी व्यास मोठा म्हणून टिकतो.

वीट मातीत का बसते याचंही कारण हेच. टेकूवर सळईचा जोर अधिक तुमचा जोर, असे दोन्ही येतात. ६७५ किलो एका विटेच्या तळव्यावर म्हणजे चौरस मीटरला २६ टन. तेच ३०० × ३०० बैठकीवर साडेसात टन. वाळलेली जमीन ते सहज पेलते. ओली असेल तर खाली २ फूट लांब, २ इंच जाड अशा दोन लाकडी फळ्या टाका.

बिछायत_रेशीमबाग

वरचं सगळं बरोबर, पण एक गोष्ट राहिली आणि तुमच्या ३ सळया तिच्यापायीच वाकल्या असणार. तिरपी ठोकलेली सळई सरळ वर ओढायची नसते. ज्या कोनात ठोकली त्याच कोनात, तिच्याच रेषेत ओढायची. ६० अंशांची सळई उभी ओढली की तुमचा अर्धा जोर तिला मातीच्या भिंतीवर दाबण्यात जातो, भिंत उलट ढकलते आणि मान वाकते.

म्हणून बैठक आडवी ठेवू नका, सळईला काटकोनात बसवा. सळई जमिनीशी ६० अंशांत असेल तर बैठक ३० अंश कलते. त्यासाठी बाभळीच्या लाकडाची पाचर करून घ्या: ३०० मिमी लांब, जाड बाजूला १७५ मिमी, दुसऱ्या टोकाला निमुळती होत शून्य. जाड बाजू डोक्याच्या कलाच्या उलट, म्हणजे शेडच्या बाजूला. पाचर सरकू नये म्हणून जाड बाजूमागे फूटभराच्या दोन खुंट्या ठोका. एवढं केलं की जमीन सपाट असो वा उतरती, काम सारखंच.

मैदानावर मंडपाचे खुंटे शेकड्यांनी काढावे लागतात, तिथे क्रम ठरलेला असतो. आधी घनाने डोक्यावर दोन ठोके, खाली. अर्धा इंच खाली गेली तरी चालते. बसलेली पकड या धक्क्याने मोडते. नंतर चारही बाजूंनी एकेक ठोका, आडवा, जमिनीपासून ३-४ इंचांवर. जास्त वर मारलं तर वाकते, आणि हात सैल ठेवून मारायचं. मग पाना. मग ओढणं. ठोके मारण्याआधी डोक्यावर फुटून पसरलेली कड ग्राइंडरने काढून टाका. ती असेल तर पट्टी वरून घालताच येत नाही, आणि घनाखाली त्या कडेचा तुकडा उडून डोळ्यात जातो. चष्मा लावल्याशिवाय घन उचलायचा नाही.

डोक्याजवळ तार बांधायला कडी किंवा नट वेल्ड केलेला असेल तर तो आधी कापू नका. पट्टीला आडवा येत असेल तरच कापा. कडी जाड असेल आणि वेल्ड भरीव असेल तर डी-शॅकल सरळ कडीत घालून ओढा, पट्टीची गरज नाही. वेल्ड पातळ दिसला तर विश्वास ठेवू नका.

वाकलेल्या तिन्हींचं: वाक जमिनीच्या वर असेल तर जमिनीलगत दीड इंची पाईपचा फूटभर तुकडा सळईवर घाला, त्यात २ फुटी पाईप अडकवून वाक काढा. सुताएवढा सरळपणा नको, पाना फिरवताना डोकं मोठ्या वर्तुळात फिरू नये इतका पुरे. वाक जमिनीच्या आत ३-४ इंचांवर असेल तर तेवढी माती कुदळीने उकरा आणि मगच सरळ करा. आत वाकलेली सळई फिरवली तर ती मातीत रवीसारखी भोक रुंद करते. ३ फुटांच्या सळईला तेही चालून जाते, जोर मात्र तिप्पट लागतो.

काटोलरोड_नर्सरी

दोघांचे आभार. कोनाची गोष्ट लक्षातच आली नव्हती, सगळ्या उभ्याच ओढत होतो.

आणखी तीन शंका. पाणी घालायचं की नाही? शेजारचे सांगतात की ओल्या मातीत खाली पोकळी होते, हवा धरते आणि सळई आणखी अडते. दुसरं, खाली मुरमात गेलेला टोकाचा अर्धा फूट वेगळं वागेल का? तिसरं, अर्थिंगच्या सळयांना तुमची ५० मिमीची तरफ किती वेळ पुरणार, ३ मीटर काढायला साठ दाब?

संत्राबाग_कळमेश्वर

पाण्याचं उत्तर देतो. घाला, पण क्रम पाळा.

काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि फुगताना सळईला आवळते. नुसती बादली ओतली तर आधी भेगांमधून पाणी भलतीकडे निघून जाते, उरलेलं वरची ४-५ इंच माती फुगवते आणि सळई होती त्याहून घट्ट होते. मग लोक म्हणतात पाण्याने उलटं झालं. चिकणमातीत पाणी फार सावकाश उतरते. त्याला सळईच्या अंगालगत वाट मिळाली तरच उपयोग.

ती वाट पाना करतो. आधी कोरडीच फिरवा, दोन-चार फेरे. सळईभोवती केसाएवढी फट दिसते. आता सळईभोवती ६ इंचांचं छोटं आळं करा, कडा हाताने दाबून भेगा बुजवा, आणि एक ते दीड लिटर पाणी तांब्याने हळूहळू सोडा. फिरवत राहा. सळईलगत राबडी तयार होते, आणि हवी ती तीच, आजूबाजूची जमीन नव्हे. दहा मिनिटांत ओढायला घ्या. रात्रभर भिजत ठेवलं तर आजूबाजूची माती फुगून पुन्हा धरेल आणि तुमच्या पाचरीखालची जमीनही मऊ होईल.

पावसाची वाट बघू नका. जूनच्या मध्यानंतर ती जमीन पायाला किलोकिलोने चिकटते, बैठक रुतते, पाना हातात फिरतो. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, वाफसा असताना सगळ्यात सोपं जाते. पण या पद्धतीने आत्ताही निघतील. फक्त उन्हाळा असेल तर सकाळी दहाच्या आत उरका. दुपारी नागपूरच्या उन्हात उघड्या सळईला हात लावता येत नाही.

ठिबकची नळी दीड फुटावर आहे म्हणता. पाणी सोडायच्या आधी तिचा व्हॉल्व्ह बंद करून दाब काढून घ्या, आणि सळई नळीपासून वीतभराच्या आत असेल तर बाजूचे ठोके मारू नका.

हिंगणा_फिटर

हवा धरण्याच्या समजुतीचा हिशेब करून बघू. खाली पूर्ण निर्वात झाला तरी हवेचा दाब चौरस सेंटिमीटरला १ किलो. २० मिमी सळईच्या टोकाचं क्षेत्रफळ ३.१४ चौ. सेंमी. म्हणजे जास्तीत जास्त ३ किलो ओढ. ६०० किलोंत ते ३ किलो कुठे शोधायचे? ही अडचण ४-६ इंची पाईप किंवा लाकडी खांब काढताना खरी असते, बारीक सळईला नाही.

मुरमाचं मात्र वेगळं आहे. तुमच्या पश्चिमेच्या भागात मुरूम म्हणजे झिजलेला काळा दगड. पूर्व नागपूरकडे खाली वेगळाच जुना खडक आहे, तिथे मुरमात गारगोटीचे खडे सापडतात. दोन्हीकडे मातीसारखी चिकट पकड नसते, खडा सळई आणि भोकाच्या मध्ये पाचरीसारखा अडकतो. ओळखायची खूण: सळई २-३ इंच सहज वर येते आणि एकदम ठक्क थांबते. तिथे जोर वाढवू नका, खडा आणखी रुतेल. अर्धा इंच परत खाली ठोका, अर्धा फेरा फिरवा, मग ओढा. पुन्हा अडली तर पुन्हा तसंच. तीन-चार वेळात खडा सुटून खाली पडतो.

मुरमात झटका चांगला चालतो. दीड इंची जड पाईपचा २ फुटी तुकडा सळईवर सरकता ठेवा, त्याला बाहेरून पत्रे वेल्ड करून वजन ६-७ किलो करा. सळईच्या वरच्या टोकाशी दोन अर्ध्या पट्ट्यांचा क्लॅम्प, १२ मिमीचे दोन नट-बोल्ट. पाईप झटक्याने वर नेऊन क्लॅम्पवर आदळायचा. काळ्या मातीत हे निरुपयोगी आहे, ती झटका गिळून टाकते. यासाठी सळई वर २ फुटांपेक्षा जास्त असावी लागते, म्हणजे तुमच्या २६ नगांना शेवटी शेवटी आणि अर्थिंगला मध्यावर.

अर्थिंगच्या ३ मीटरला तरफ फक्त पहिल्या फूटभरासाठी. नंतर तिकाटणं (तीन पायांची घोडी) आणि चेन कुप्पी (साखळीने वजन उचलायची कप्पी). १ टनाची कुप्पी भाड्याने आणा. तिकाटण्याला ५० मिमी बोअरचे ३ पाईप, प्रत्येकी ४ मीटर. ३ मीटरचे घेतले तर सळई पूर्ण बाहेर यायच्या आधी कुप्पी वर भिडते, मग मध्येच पकड खाली घ्यावी लागते. पायांच्या तळाशी तिन्ही बाजूंनी दोर बांधा, नाहीतर वजन आलं की पाय फाकतात. पायाखाली फळीचे तुकडे. कुप्पीचा हूक सळईच्या बरोबर डोक्यावर आहे हे ओळंबा सोडून बघा. हाताच्या बोटभर इकडेतिकडे चालेल, चार बोटं नाही.

तीन मीटरची पकड किती? अंग ०.१६ चौ. मीटर, म्हणजे ८०० किलोंपासून दीड टनापर्यंत. कोरडी ओढली तर १ टनाची कुप्पी कमी पडेल. फिरवत ओढली तर कुप्पीची साखळी एका हाताने चालते. फिरवायला पान्यावर जास्तीत जास्त २८-३० किलो लागतील, तेही सुरुवातीला.

वायरमन_महाल

अर्थिंगच्या सळयांना हात लावायच्या आधी एवढं वाचा.

नवीन जागी नवीन अर्थिंग आधी ठोका, जोडा, मोजा. जुनं त्यानंतर सोडा. मोटरला कुठे विजेची गळती असेल आणि तुम्ही चालू लाईनवर अर्थची पट्टी सोडली, तर पट्टीचं एक टोक एका हातात आणि सळई दुसऱ्या हातात, मध्ये पूर्ण दाब उभा राहतो. मेन स्विच बंद, फ्यूज काढून खिशात, त्यानंतर क्लॅम्प मीटर अर्थच्या वायरवर लावून प्रवाह शून्य आहे हे बघा. शून्य नसेल तर ती गळती दुसऱ्या कुठल्या जोडणीतून येते आहे. ती सापडेपर्यंत नट सैल करायचा नाही. तीन सळया एकमेकींना पट्टीने जोडलेल्या असतील, प्रत्येक जोड वेगळा तपासा. आभाळ गडगडत असताना हे काम हाती घेऊच नका.

दुसरं, ३ मीटरची सळई अखंड आहे की दीड-दीड मीटरचे दोन तुकडे कपलरने जोडलेले? वरून कळत नाही. बिल किंवा ठोकणाऱ्याला विचारा. कळलं नाही तर जोड आहे असंच धरा आणि फक्त घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवा. आटे सरळ असतात. उलट फिरवलंत की वरचा अर्धा हातात येईल आणि खालचा दीड मीटर कायमचा आत.

तिसरं, सळई पुन्हा वापरायची असेल तर पाईप पान्याचे दात तांब्याच्या थरात जाणार. तो थर चांगल्या सळईला २५० मायक्रॉन असतो, म्हणजे पाव मिमी. दात सहज आरपार जातात आणि तिथून आतलं पोलाद गंजू लागतं. पट्टीचा ठसाही तसाच. म्हणून पकड वरच्या १५ सेंमीतच घ्या, आणि पुन्हा ठोकताना तेवढा भाग कापून टाका. स्लिंग वापरणार असाल तर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी खाली गुंडाळा. बाहेर आल्यावर पूर्ण लांबी ओल्या कापडाने पुसून बघा. तांबं कुठे सोललं असेल, लालसर गंज दिसत असेल, तर ती सळई अर्थिंगला परत लावू नका, कुंपणाला वापरा.

आणि भोवती काळसर भुकटी भरलेली असेल तर ती अर्थिंगची पावडर आहे. ती ओलसर असते, सळई तिथे सैल निघते, खरी पकड त्याच्या खाली. जुना मीठ-कोळशाचा पाईप असता तर वेगळा सल्ला दिला असता: मिठाने तो खाली खाल्लेला असतो, ओढताना मध्येच तुटतो. तसा निघाला तर जमिनीखाली फूटभर उकरून कापा आणि राहिलेला सोडून द्या.

काटोलरोड_नर्सरी

अर्थिंगच्या सळया कपलरच्याच आहेत, बिलात दीड मीटरचे ६ नग आणि ३ कपलर लिहिलेले सापडले. उलट फिरवणारच होतो.

शेवटचं: भोकांचं काय करायचं, आणि पुढच्या शेडनेटला काय ठोकावं म्हणजे ही वेळ येणार नाही?

बिछायत_रेशीमबाग

भोकं त्याच दिवशी बुजवा. ३ फुटांची तिरपी भोकं म्हणजे पावसाचं पाणी थेट खाली. तळाला मुरूम, ६-६ इंचांच्या थराने टाकून सब्बलीच्या डोक्याने ठोका. वरचा एक फूट काळी माती, किंचित ओली करून, चांगली ठोकून, जमिनीपेक्षा दोन बोटं उंच. ती बसतेच.

पुढच्या वेळी टीएमटी नको. साधी गोल सळई, २५ मिमी, ४ फूट. गुळगुळीत अंगाला काळी माती कमी धरते, आणि तुमचा ताण तिरप्या खुंट्याला आडवा येतो, म्हणून कडांची तशीही गरज नसते. टोक ४ इंच लांब, हळूहळू निमुळतं. आखूड बोथट टोक ठोकताना माती बाजूला दाबून घट्ट करते. डोक्यापासून ३ इंच खाली १२ मिमी सळईची बंद कडी, दोन्ही बाजूंनी भरीव वेल्ड. ओढायला शॅकल तिथेच लागेल. वरच्या ३ इंचांवर घन बसेल, कडीवर नाही.

जळकं ऑइल चोपडून ठोकू नका. सळई निघते सोपी, पण रोपांच्या मुळांशी आणि विहिरीच्या जवळ ते जमिनीत सोडायचं नसते.

हिंगणा_फिटर

एक राहिलं, काम सुरू करायच्या आधी. दांड्यावर आडवं होऊन, हनुवटी खाली घेऊन दाबू नका. सळई एकदम सुटली की दांडा जमिनीवर आदळतो, आणि पट्टी घसरली की तुम्ही त्याच्या मागोमाग. बाजूला उभं राहा, पाय दांड्याखाली नकोत, हाताने दाबा, उडी मारू नका. पाना फिरवणाऱ्याने दांड्याच्या विरुद्ध बाजूला थांबायचं. ओढायला नायलॉनचा दोर अजिबात नको, तो ताणतो आणि तुटला की चाबकासारखा येतो.

सुरुवात जी इंचभर वर आली आहे तिच्यापासून करा. तिची पकड आधीच मोडलेली आहे, त्यामुळे पट्टी, पाचर आणि बैठक नीट बसतात की नाही ते तिच्यावर कळेल. पट्टी घसरली तर आधी सळई पुसा, मग भोक मोजा. अंतर वाढवणं सगळ्यात शेवटी.